सहा मिनिटांचे नृत्य आणि दोन दिवसांची वाट

प्रश्न: माझी मुलगी बारा वर्षांची असून पाच वर्षांपासून भरतनाट्यम शिकते आहे. कोजागिरीनंतरच्या शनिवारी-रविवारी आपल्या बडोद्यातच शालेय मुलांची नृत्यस्पर्धा आहे. शनिवारी नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलींचा तिल्लाना, म्हणजे जलद लयीतले शेवटचे नृत्य, आहे आणि रविवारी तिघींचे एकल नृत्य आहे, त्यांत माझीही मुलगी आहे. नोंदणी, ध्वनिमुद्रण आणि मंचावरची व्यवस्था नृत्य शिकवणाऱ्या ताईंना पाहायची असल्यामुळे आठही मुलींची जबाबदारी त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. मला नाचातले काही कळत नाही. मध्ये नवरात्र आहे आणि मुली गरबा सोडायला तयार नाहीत. गेल्या वर्षी मंचावर जाण्यापूर्वी माझ्या मुलीला उलटी झाली आणि नंतर ती विसरून मध्येच थांबली. आपल्या मुलीला मुद्दाम मागच्या ओळीत टाकले आहे, असा एका आईचा समज झाला आहे. त्यात आमच्या सासूबाई विचारतात, की मराठी घरात हे दक्षिणेकडचे नृत्य कशाला? मी नेमके काय करावे?
एक आई, दांडिया बाजार, बडोदे

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला नाचातले काही कळत नाही हे तुम्ही उणीव म्हणून कळवले आहे. मला मात्र ते वाचून हायसे वाटले. ज्यांना थोडेफार कळते अशी मोठी माणसे स्पर्धेच्या दिवशी मुलींच्या मागे उभी राहून हात वर घे, मान सरळ ठेव, बैठक खाली घे, असे सांगत राहतात, आणि हा दोष मी दुसऱ्यांच्या माथी मारत नाही, कारण तो मी स्वतः केलेला आहे. शिकवायला लागल्यानंतरच्या पहिल्याच एक-दोन वर्षांत, विंगेत उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीची कटकामुख ही हाताची मुद्रा मी पडदा उघडण्याच्या क्षणभर आधी दुरुस्त केली. तिने जतिस्वरम हे सबंध नृत्य स्वतःच्या हाताकडे पाहत केले. पाय चुकले नाहीत, ताल सुटला नाही, पण प्रेक्षकांकडे तिने एकदाही पाहिले नाही. तेव्हापासून विंगेत गेल्यावर मी तोंड मिटून घेते. तुमच्या बाबतीत हा धोका मुळातच नाही.

आता दोन दिवसांचा हिशेब मांडून पाहा. तिल्लाना सहा मिनिटांचा, एकल नृत्य फार तर आठ मिनिटांचे. बाकी सकाळपासून निकाल लागेपर्यंत जे काही आहे, ते वाट पाहणे आहे. त्या चौदा मिनिटांची तयारी ताईंनी वर्षभर करून घेतली आहे. तुमच्याकडे आले आहेत ते उरलेले सगळे तास, आणि माझ्या अनुभवात मुलींचे नृत्य बिघडते ते बहुतेक वेळा या तासांमध्येच बिघडते. कोणी उपाशी राहिलेली असते, कोणी पाणी प्यायलेली नसते, कोणाच्या डोक्याला पाच तास घट्ट बांधलेल्या गंगावनाने ठणका लागलेला असतो, आणि मग मंचावर त्या मुलीचे पाय जड झाले की आपण म्हणतो, सराव कमी पडला.

सुरुवात नवरात्रापासून करू. बडोद्यात वाढणाऱ्या मुलीला नऊ रात्री घरी बसवणे हा उपाय नव्हे. ती रुसेल, आणि रुसलेली मुलगी तिल्लाना करत नाही. मुलींना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, की एकाआड एक रात्र गरबा खेळायचा, मैदानावरून वेळेत परतायचे आणि दसऱ्यानंतर तो विषय बंद. गरब्याचा शीण पोटरीत आणि तळपायात साचतो. इथे मोठ्या मैदानांवर अनवाणी खेळण्याची रीत आहे. बारीक खड्यांनी तळव्याला झालेली जखम त्या रात्री कळत नाही, मात्र दोन दिवसांनी अडवू, म्हणजे नृत्याची मूळ पदे, करताना पाय आपटला की कळते. म्हणून परत आल्यावर साबणाने पाय धुऊन दिव्याच्या उजेडात तळवे बघण्याची सवय प्रत्येक घरात लावायला सांगा. ज्या रात्री गरबा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पायाचा सराव न करता बसून सराव करावा, असे ताईंना सुचवायला हरकत नाही. मांडी घालून सोल्लुकट्टू, म्हणजे तालाचे बोल, तोंडाने म्हणायचे, हाताने आदितालाच्या आठ मात्रा धरायच्या आणि नृत्य डोळे मिटून मनात करायचे. हा सराव वरवर आळशी दिसतो, पण कोणाला रचना पाठ आहे आणि कोण शेजारणीकडे बघून चालवते आहे, हे त्यात पाच मिनिटांत उघडे पडते.

कोजागिरीचे मसाला दूध मुलींनी जरूर प्यावे, परंतु जागरणाचा मान त्यांनी या वर्षी मोठ्यांना द्यावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास आणि त्यापुढच्या वयात 8 ते 10 तास झोप लागते, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात; नवरात्रात ती निम्म्यावर येते, आणि गेलेली झोप एका रात्रीत भरून निघत नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलींना उत्साहाने झोप येणार नाही, हे गृहीतच धरा आणि त्यावरून रागावू नका. त्या रात्रीपेक्षा बुधवार आणि गुरुवारची झोप सांभाळण्याला अधिक अर्थ आहे.

दसऱ्यापासून स्पर्धेपर्यंतच्या दिवसांत नृत्य सुधारण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. या दिवसांत नवे काही शिकवले तर ते पक्के होत नाही आणि जुने मात्र हलते. दिवसातून एकदा पूर्ण तिल्लाना, तोही सगळा जीव ओतून, एवढे पुरे. चार वेळा अर्धवट केलेल्या तालमीने पाय थकतात आणि अर्धवट करण्याचीच सवय लागते. ताईंची संमती असेल तर दोन गोष्टी तुम्ही स्वतः करून घेऊ शकता. एक म्हणजे मुलींना रोजच्यापेक्षा वेगळ्या दिशेला तोंड करून उभे करणे. वर्गात मुली नकळत खिडकी, आरसा, भिंतीवरचे नटराजाचे चित्र अशा खुणांवरून आपली जागा ओळखतात आणि मंचावर त्यांतले काहीच नसते. असतो तो समोरून डोळ्यांवर येणारा प्रकाश आणि त्यापलीकडचा अंधार. दुसरी गोष्ट म्हणजे ध्वनिमुद्रण कुठेही मध्येच सुरू करून जो भाग लागेल तिथून नाचायला लावणे. मुलीला रचना केवळ आरंभापासून शेवटापर्यंत एका दोरीसारखी पाठ असेल, तर दोरी तुटल्यावर तिला टोक सापडत नाही. गेल्या वर्षी तुमची मुलगी थांबली, तिथे बहुधा हेच झाले असावे. ती विसरली यात विशेष काही नाही, विसरतात सगळ्याच. पुढे कुठून धरायचे याचा सराव तिला कोणी दिलेला नव्हता. आता तो खेळ म्हणून द्या. कुठेही लावा, दोन आवर्तनांच्या आत जिने पकडले ती जिंकली. मुलींना हा खेळ फार आवडतो, आणि तुम्हाला नाच येत नसला तरी बटण दाबता येते.

दुखण्याबद्दल मात्र थोडे कडक लिहिते. या वयात हाडे झपाट्याने वाढत असतात आणि गुडघ्याखाली पुढच्या बाजूला, जिथे मांडीचा स्नायू नडगीला जोडलेला असतो, तिथे किंवा टाचेच्या मागे दुखणे हे नाचणाऱ्या, धावणाऱ्या मुलांमध्ये नेहमी आढळते, कारण तिथले वाढते हाड अजून कोवळे असते आणि प्रत्येक उडीला, पाय आपटण्याच्या प्रत्येक वेळी त्यावर ओढ बसते. दोन्ही पोटऱ्या सारख्याच ठणकत असतील तर विश्रांती आणि गरम पाणी पुरते. पण एकाच जागी बोट ठेवून मुलगी इथेच दुखते म्हणाली, सूज दिसली, चाल लंगडी झाली किंवा दुखण्याने रात्री जाग आली, तर तिला ताईंकडे आणि डॉक्टरांकडे न्या. वेदनाशामक गोळी देऊन मंचावर उभे करू नका. गोळीने दुखणे कळेनासे होते, थांबत नाही. अशा मुलीची जागा रिकामी ठेवून सात जणींनी कसे उभे राहायचे, हे ताईंनी आधीच एकदा बसवून ठेवले तर कोणावरच दडपण येत नाही.

आता प्रत्यक्ष दोन दिवस. स्पर्धेच्या पत्रिकेत अकरा वाजता गट सुरू होईल असे छापलेले असेल. तो दोन वाजता सुरू झाला तरी आश्चर्य मानू नका. त्यामुळे छापलेल्या वेळेनुसार मुलींना पूर्ण सजवून बसवणे ही पहिली चूक ठरते. आठ मुलींचे केस आणि चेहरा करायला दोन बायकांना दीड-दोन तास लागतात. केसांचा आंबाडा किंवा वेणीचा पाया घरूनच घालून यावा, चेहऱ्याचा रंग सभागृहात लावावा, आणि पोशाख, दागिने व चाळ आपल्याआधी आठ-दहा क्रमांक उरले असताना चढवावेत. क्रमांक कुठवर आले हे दर अर्ध्या तासाने जाऊन पाहण्यासाठी एक पालक नेमून टाका. शक्यतो असा, ज्याला एका जागी बसवत नाही. असा एक बाप प्रत्येक गटात असतोच.

आलत्याला वेळ द्यावा लागतो. तो पोशाख घालण्यापूर्वी लावायचा, कापसाच्या काडीने बोटांची टोके आणि पावलाची कड रंगवायची, आणि मग पाय लांब करून मुलींना निदान वीस मिनिटे बसवून ठेवायचे, कारण ओल्या आलत्याने चालले की तळव्याला धूळ चिकटते आणि पोशाखाच्या पुढच्या चुण्यांच्या पंख्याला लाल डाग पडतो, जो रेशमातून निघत नाही. एकदा अशा ओळीने बसलेल्या मुलींना मी पाहिले आहे: सोळा लाल पावले, मधोमध पोह्यांचा एक डबा, आणि बोटे ओली असल्यामुळे सगळ्यांना चमच्याने भरवत फिरणारी एक आजी. तुमच्या सासूबाईंना त्या दिवशी बरोबर न्या. हे काम त्यांच्याइतके नीट कोणाला जमणार नाही.

चाळ आदल्या दिवशी दुपारीच तपासा. भरतनाट्यमचे घुंगरू चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेले असतात आणि वर्षभराच्या घामाने दोरा कुजतो. प्रत्येक घुंगरू दोन बोटांत धरून ओढून पाहा. जे हलेल ते जाड दोऱ्याने पुन्हा शिवा. मंचावर सुटून पडलेले एक घुंगरू कोणत्या मुलीच्या तळव्याखाली येईल हे सांगता येत नाही, आणि तिल्लान्यात पाय जपून टाकायला सवड नसते. डोक्यावरचे सूर्य आणि चंद्र हे दागिनेही पाहून घ्या: सूर्य मुलीच्या उजवीकडे, चंद्र डावीकडे. आठांपैकी एकीचे उलटे लागले तर परीक्षकांना ते पहिल्या क्षणी दिसते. सेफ्टी पिना वाटतात त्याच्या दुप्पट घ्या. काजळ मात्र प्रत्येकीचे स्वतंत्र असू द्या, कारण एकीच्या डोळ्याचा संसर्ग आठ जणींना होण्यासाठी एक कांडी पुरते.

खाण्याच्या बाबतीत बडोदेकरांना एकच ताकीद देते: त्या दोन दिवसांत सेव-उसळ नको. मलाही ती प्रिय आहे, परंतु तो तिखट रस्सा पोटात घेऊन अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून केलेल्या अर्ध्या बैठकीत, बसून पाहा म्हणजे कळेल. सकाळी पोटभर पण साधे खाणे, म्हणजे पोहे, उपमा किंवा थेपले व दही, आणि नंतर दर दीड-दोन तासांनी थोडेसे: केळे, खाकरा, चिक्की, मूठभर चुरमुरे. क्रमांक नेमका कधी येईल हे ठाऊक नसताना मुलींना पूर्ण जेवू घालता येत नाही आणि उपाशीही ठेवता येत नाही. म्हणून हे थोडे-थोडे. घरी कधी न खाल्लेला पदार्थ त्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका.

पाण्याची अडचण निराळीच असते आणि ती कोणी मोकळेपणाने बोलत नाही. पोशाख चढल्यावर शौचालयाला जाणे म्हणजे कंबरपट्टा, पंखा, नाडी, पिना सगळे सोडणे. हे ठाऊक असल्यामुळे शहाण्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारपर्यंत त्यांचे डोके दुखू लागते. म्हणून पोशाखाआधी सर्वांना एकदा जाऊन यायला लावण्याचा नियम ठेवा, नंतर घोट-घोट पाणी देत राहा, आणि एखादीला पुन्हा जावेच लागले तर कपाळाला आठी न घालता सगळे सोडून पुन्हा बांधा. तुमच्या गटात बारा ते चौदा वर्षांच्या मुलीही आहेत. पाळीचा विषय त्यांच्याशी आणि त्यांच्या आयांशी आधीच शांतपणे काढा, पिशवीत सॅनिटरी पॅड आणि गडद रंगाची आतली पँट ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे हे मुलींना सांगून ठेवा, म्हणजे कोणाला तुमच्या कानाशी येऊन पुटपुटावे लागणार नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत छायाचित्रकार, कोणाचे काका, कोणाचा भाऊ, कोणीही असो, पुरुषांना आणि चालू मोबाईलला मज्जाव असावा. मुलगी पाणी प्यायला गेली तरी दुसरी तिच्याबरोबर असावी. यावरून कोणी नाक मुरडले तर मुरडू द्या.

शरीर तापवण्याचे काम ताई करतीलच; त्यांना वेळ झाला नाही तर मंचावर जाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे मुलींना जागच्या जागी चालायला, घोटे व खांदे फिरवायला आणि सोपे अडवू आधी विलंबित, मग मध्य लयीत करायला सांगा. पाय फाकवून दीर्घकाळ ताणून बसणे त्या वेळी टाळावे, कारण बराच वेळ ताणून धरलेल्या स्नायूची झेप काही काळ कमी होते. ते ताणणे नृत्य संपल्यावर करावे. ध्वनिमुद्रणाची काळजी ताईंची. तुम्ही फक्त आणखी एका पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या फोनमध्ये त्याची प्रत ठेवा, आणि तो फोन वाजवायला द्यावाच लागला तर आधी त्याची कॉल येण्याची सोय बंद करा.

तुमच्या मुलीच्या उलटीविषयी मी पत्र वाचल्यापासून विचार करते आहे. घाबरलेल्या शरीरात रक्त पोटाकडून आणि त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळते, त्यामुळे मळमळते, हात गार पडतात, सारखी लघवीची भावना होते; हे पट्टीच्या कलावंतांनाही होते. मुलीला घाबरू नकोस म्हणून उपयोग नाही, कारण तसे म्हटल्याने आपण घाबरलेले दिसतो आहोत एवढेच तिला कळते. तिला हे सगळे आधीच, घरी, एखाद्या निवांत संध्याकाळी समजावून सांगा: असे होईल, याचा अर्थ शरीर नाचायला तयार होते आहे, आणि झालेच तर आपल्याजवळ पिशवी, पाणी व रुमाल आहे. श्वास चार मोजेपर्यंत आत घ्यायचा आणि सहा मोजेपर्यंत बाहेर सोडायचा, असा दहा वेळा, रोज रात्री निजताना करून घ्या. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा शिकवलेला श्वास कामी येत नाही. आदल्या रविवारी घरच्या आठ-दहा माणसांपुढे पूर्ण पोशाखात तिचे एकल नृत्य होऊ द्या, आणि मध्ये मुद्दाम कोणीतरी दार वाजवावे, कोणीतरी शिंकावे. ती थांबली नाही तर नंतर त्याबद्दल बोला. थांबली तर बोलू नका, ध्वनिमुद्रण थोडे मागे घेऊन पुढे चालू करा.

मागच्या ओळीची तक्रार असलेल्या आईंना तुम्ही उत्तर देऊ नका, कारण ते तुमचे काम नाही. समूहनृत्यात सामान्यतः उंच मुली मागे असतात आणि तिल्लान्याच्या बांधणीत ओळी बदलतातही. पण हे तुम्ही सांगितले की त्याचा वाद होतो आणि ताईंनी सांगितले की ती रचना ठरते. मांडणी ताईंची आहे, त्यांच्याशीच बोलावे, एवढे एकदा नम्रपणे म्हणून त्यांना काम द्या. मी असते तर आठही मुलींच्या दागिन्यांच्या डब्या त्यांच्याकडे सोपवल्या असत्या. ज्यांच्या हातात आठ जणींचे दागिने असतात त्यांना आपलीच मुलगी पाहायला वेळ उरत नाही. मात्र हा विषय मुलींच्या देखत कोणी काढला, तर तिथल्या तिथे थांबवा, मग समोर कोणीही असो.

आता तुमच्या सासूबाईंचा प्रश्न, जो मला सगळ्यांत आवडला, कारण त्याचे उत्तर वाट पाहण्याच्या तासांना उपयोगी पडेल. तंजावर सतराव्या शतकापासून भोसल्यांच्या ताब्यात होते आणि तिथल्या दरबारात मराठी भाषा लिहिली, बोलली, गायली जात होती. सरफोजीराजांच्या नावावर मराठीतल्या नृत्यरचनासुद्धा आहेत. त्यांच्याच आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, आणि अलारिपू या आरंभीच्या नृत्यापासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज तुमच्या मुली शिकतात, तो त्या भावंडांनी बसवला असे मानले जाते. पुढे 1880 मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. त्या बडोद्याच्या चिमणाबाई झाल्या, आणि त्यांच्यामागून तंजावरच्या नर्तकी व वादक इथल्या दरबारात आले. गौरा आणि कांतिमती या त्यांतल्या दोघी, आणि कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे याच शहरात हे नृत्य शिकवले. ज्या नृत्याला मराठी राजांच्या दरबारात आजचा आकार आला आणि जे मराठी सुनेच्या मागोमाग बडोद्याला आले, ते आपल्या घरात कशाला, असे सासूबाईंनी विचारावे याची मला गंमत वाटली. ही हकिगत त्यांनाच सांगा आणि आलता वाळेपर्यंत मुलींना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. सभागृहातल्या खोलीत मोबाईल हातात असला की मुली शेजारच्या गटाची तालीम पाहत बसतात आणि स्वतःची विसरतात. गोष्ट चालू असली की तसे होत नाही. गोष्ट संपली तर पत्ते, भेंड्या आणि सागरगोटे आहेत. कैरम मात्र नेऊ नका, सोंगट्या हरवतात.

शनिवारी तिल्लाना कसाही झाला तरी त्या रात्री त्याचे चित्रीकरण पाहायचे नाही, हे सर्व घरांकडून आधीच कबूल करून घ्या. ज्या तिघींना रविवारी पुन्हा उभे राहायचे आहे, त्या आपल्या चुका पाहून रात्रभर त्याच नाचत राहतील. मुली मंचावरून उतरल्यावर तुम्ही पहिले वाक्य कोणते बोलता याला फार महत्त्व आहे, आणि मी आजवर वापरलेले सगळ्यांत बरे वाक्य "पाणी घे" हे आहे. कसे झाले, कोण चुकले, कितवा नंबर येईल, हे त्यांनी स्वतः काढले तर ऐकून घ्यावे. निकालाच्या वेळी मुलींना तुमच्या शेजारी बसवा, आणि इतर गटांच्या नावांना टाळ्या वाजवायला त्यांना सांगत बसू नका, तुम्ही स्वतः वाजवा. नाव आले नाही तर रडतील. रडू द्या, घरी जाऊन वरण-भात खायला घाला. परीक्षकांचा शेरा लेखी मिळाला तर तो उघडून न वाचता ताईंच्या हाती द्या.

रविवारी रात्री कितीही उशीर झाला तरी एक काम उरकून झोपा. चेहऱ्याचा रंग खोबरेल तेलाने उतरवून मग साबण लावायचा, हे मुलींना माहीत असते. चाळ मात्र घामाने ओले झालेले तसेच पिशवीत कोंडले जातात आणि आठवडाभराने चामड्याला बुरशी धरलेली दिसते. आठही जोड कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा, उन्हात नको, चामडे कडक होते. आलता तीन-चार दिवस राहील, सोमवारी शाळेत बुटांच्या आत तो कोणाला दिसत नाही.